एका लॅपटॉपवर अख्खा क्लस्टर: मेमरीच्या वाटणीचा हिशेब

पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात घोटवड्याहून आत वळलं की रिहे खोरं सुरू होतं. पावसाळ्यात दोन्ही अंगाला भातखाचरं असतात आणि सकाळच्या वेळी माणच्या रस्त्याने हिंजवडीकडे जाणारी वाहनं. राजीव गांधी इन्फोटेक पार्क याच तालुक्यात आहे. इन्फोसिस, विप्रो, टीसीएसचा सह्याद्री पार्क, टेक महिंद्रा अशी नावं तालुक्यातल्या घराघरांत माहीत झाली त्याला आता बराच काळ लोटला. २०२०च्या टाळेबंदीनंतर त्या कंपन्यांतलं काम लॅपटॉपसोबत घरी आलं आणि पुढे बऱ्याच ठिकाणी अर्धंमुर्धं घरीच राहिलं. त्याबरोबर एक प्रश्नही घरी आला. पूर्वी तो सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींचा होता, आता प्रत्येक डेव्हलपरचा झाला आहे: आपल्या लॅपटॉपवरच्या कंटेनर क्लस्टरला मेमरी द्यायची तरी किती?

प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो चुकला की दिवस वाया जातो. क्लस्टरला मेमरी कमी पडली तर सर्व्हिस सुरू होऊन लगेच पडते, पुन्हा सुरू होते, पुन्हा पडते. जास्त दिली तर क्लस्टर खुशाल चालतो आणि लॅपटॉप हँग होतो. ब्राउझरचा टॅब बदलायलाही वाट पाहावी लागते. दोन्ही वेळा डेव्हलपर स्वतःच्या कोडमध्ये दोष शोधत बसतो.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. डॉकर २०१३ साली आला आणि प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासकट एका डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, भरून कुठेही चालवण्याची सोय झाली. असे शेकडो डबे अनेक यंत्रांच्या गटावर, म्हणजे क्लस्टरवर, सांभाळण्यासाठी गुगलने २०१४मध्ये कुबरनेटिस जाहीर केलं. त्याची पहिली पक्की आवृत्ती जुलै २०१५मध्ये निघाली. कंपन्यांचे प्रॉडक्शन सर्व्हर कुबरनेटिसवर गेले, तशी तीच व्यवस्था छोट्या रूपात आपल्या यंत्रावर असावी अशी गरज निर्माण झाली. पुण्यात हे काम चांगलंच रुजलं आहे. ओपनशिफ्ट बनवणाऱ्या रेड हॅटचं इथे मोठं कार्यालय आहे, आणि इन्फ्राक्लाउडसारखी कंपनी तर कुबरनेटिसभोवतीच उभी राहिली.

मेमरीवर मर्यादा घालण्याची युक्ती मात्र कुबरनेटिसच्याही आधीची आहे. ती लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये आहे. गुगलच्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६मध्ये प्रोसेसचे गट करून त्यांना साधनं वाटून देण्याचं काम सुरू केलं. ते 'सीग्रुप' या नावाने २००८च्या जानेवारीत कर्नलच्या २.६.२४ या आवृत्तीत दाखल झालं. गटाच्या मेमरीचा हिशेब ठेवणारा भाग त्यानंतरच्या २.६.२५मध्ये आला, आणि त्यामागे आयबीएमच्या भारतातल्या लिनक्स केंद्रातले बलबीर सिंग होते. आज जगात कुठेही कंटेनरला '५१२ एमबीच्या वर जायचं नाही' असं बजावलं जातं, तेव्हा अंमलबजावणी हाच भाग करतो. हे आपल्याकडच्या कॉलेजांत शिकवलं जायला हवं. कुबरनेटिसच्या आज्ञा पाठ असलेली मुलं भेटतात, पण मर्यादा नेमकी कोण पाळून घेतं हे विचारलं की अडखळतात.

आता मूळ अडचण. लॅपटॉपवरच्या क्लस्टरला मेमरी एकदाच दिली जात नाही. ती चार पायऱ्यांवर वाटली जाते: यंत्राची रॅम, त्यातलं लिनक्सचं आभासी यंत्र, त्यातला क्लस्टरचा नोड (क्लस्टरमधलं एक यंत्र) आणि शेवटी नोडवरचा पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट). प्रत्येक पायरीला वरचीने सांगितलेला आकडाच खरा वाटतो, आणि कधी कधी वरची पायरी चुकीचाच आकडा सांगते. बहुतेक घोटाळे इथेच होतात.

पहिली वाटणी ऑपरेटिंग सिस्टीम करते. थेट उबुंटू वापरणाऱ्याला आभासी यंत्राची गरज नसते. त्याचे कंटेनर मूळ कर्नलवरच चालतात, म्हणून त्याच्या आठ जीबीत जास्त मावतं. कंपनीने दिलेला लॅपटॉप मात्र बहुधा विंडोजचा असतो. तिथे डब्ल्यूएसएल दोन हे लिनक्सचं आभासी यंत्र चालतं, आणि काही सांगितलं नाही तर त्याला एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जायची मुभा असते. टास्क मॅनेजरमध्ये 'व्हीएममेम' नावाची प्रोसेस फुगलेली दिसते ती हीच. लिनक्स मोकळी मेमरी रिकामी ठेवत नाही, वाचलेल्या फायली तिच्यात साठवून ठेवतं. त्यामुळे एकदा घेतलेली मेमरी विंडोजला सहजी परत मिळत नसे. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्ये ती आपोआप परत घेण्याची सोय प्रयोग म्हणून दिली. तरीही सर्वांत खात्रीचा उपाय जुनाच आहे: वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये डब्ल्यूएसएल-कॉन्फिग ही छोटी फाइल करायची, तीत मेमरीचा आकडा एका ओळीत लिहायचा आणि डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचं. ही शेवटची पायरी विसरली जाते. मग 'सेटिंग बदललं तरी काही फरक नाही' अशी तक्रार येते.

मॅकवरही आभासी यंत्र लागतंच. डॉकर डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये मेमरीची पट्टी असते. कोलिमा वापरणाऱ्याला काही न सांगता दोनच जीबी मिळतात. दोन जीबीत नुसता डॉकर ठीक चालतो, कुबरनेटिस मात्र कण्हत चालतं.

दुसरी वाटणी क्लस्टरच्या साधनाची. बाजारात साधनं बरीच आहेत आणि त्यांच्या भुका वेगवेगळ्या आहेत. सर्वांत ओळखीचं मिनिक्यूब. त्याचे दस्तऐवज दोन सीपीयू, दोन जीबी मोकळी मेमरी आणि २० जीबी डिस्क मागतात. नवशिक्याने ते जरूर घ्यावं, पण एक गोष्ट लक्षात ठेवून: मेमरीचा आकडा क्लस्टर पहिल्यांदा उभा करतानाच द्यायचा असतो. उभ्या क्लस्टरला नंतर मोठा आकडा दिला तर मिनिक्यूब तो मानत नाही. आधी क्लस्टर पुसा, मग नव्याने करा असं सांगतं. पुसताना आतल्या डेटाबेसमधला चाचणीचा सगळा डेटाही जातो.

के-थ्री-एस हे रँचर कंपनीने २०१९मध्ये आणलेलं हलकं कुबरनेटिस. क्लस्टरची नोंद ठेवणाऱ्या एटसीडीऐवजी साधा एसक्यूलाइट डेटाबेस, सगळे भाग एकाच प्रोग्रॅममध्ये, आणि भूक बेताची. ते डॉकरच्या आत चालवणारं साधन म्हणजे के-थ्री-डी. आठ जीबीचा लॅपटॉप असणाऱ्याने दुसरीकडे न पाहता हेच घ्यावं. उबुंटूवाल्या कॅनॉनिकलचं मायक्रोके-एट्स ५४० एमबीत चालतं असं कंपनी सांगते, पण त्याच वाक्यात चार जीबीची शिफारसही करते, आणि दुसरा आकडाच कामाचा. दुसऱ्या टोकाला रेड हॅटचं ओपनशिफ्ट लोकल. पूर्वी ते नऊ जीबी मोकळी मेमरी मागे, नव्या आवृत्त्यांत साडेदहा. म्हणजे १६ जीबीच्या लॅपटॉपवर त्याच्यासोबत आयडीई आणि मीटिंगचं सॉफ्टवेअर एकत्र नांदत नाहीत. ओपनशिफ्टवर काम करणाऱ्या टीमला ३२ जीबी द्यायलाच हवेत.

'काइंड' या साधनावर थोडं थांबायला हवं, कारण वरच्या पायरीने खालच्या पायरीला चुकीचा आकडा सांगण्याचं ते सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. काइंडमध्ये नोड म्हणजे डॉकरचाच एक कंटेनर. एका आज्ञेत तीन नोडचा क्लस्टर उभा राहतो, म्हणून चाचण्यांसाठी ते फार सोयीचं. पण नोडवरचा क्युबलेट, म्हणजे नोड सांभाळणारा प्रोग्रॅम, मेमरी मोजायला जातो तेव्हा त्याला स्वतःच्या कंटेनरची नाही, मागच्या अख्ख्या यंत्राची मेमरी दिसते. आभासी यंत्राला आठ जीबी दिले असतील तर तिन्ही नोड प्रत्येकी आठ जीबी जाहीर करतात, आणि कुठला पॉड कुठे ठेवायचा ते ठरवणारा शेड्यूलर २४ जीबी आहेत असं समजून पॉड वाटत सुटतो. एका विहिरीवर तीन भावांनी तीन मोटारी बसवाव्यात आणि प्रत्येकाने सगळं पाणी आपल्याच वहीत मांडावं, तसा हा हिशेब. कागदावर सगळं मावतं, मग अचानक आभासी यंत्राचीच मेमरी संपते आणि कर्नल हाताला लागेल ती प्रोसेस मारतं; कधी डेटाबेस, कधी एपीआय सर्व्हर. के-थ्री-डीने यावर उपाय केला आहे. त्यात नोडला मेमरीची मर्यादा सांगितली की नोडला दिसणारी मेमरीची माहितीही तेवढीच दाखवली जाते. काइंडमध्ये क्युबलेटला 'इतकी मेमरी राखीव' असं सांगून तोच परिणाम साधावा लागतो. त्याहून सरळ मार्ग म्हणजे कारण नसेल तर एकच नोड ठेवणं. एखाद्या सर्व्हिसचा कोड लिहिताना तीन नोड लागतच नाहीत.

शेवटची पायरी पॉडची. इथे दोन आकडे असतात, रिक्वेस्ट आणि लिमिट. रिक्वेस्ट हा शेड्यूलरसाठी असतो: एवढी जागा असेल त्याच नोडवर मला ठेव. लिमिट कर्नलसाठी: याच्या वर गेलो तर मार. नुसतं लिमिट दिलं तर कुबरनेटिस रिक्वेस्टही तेवढीच धरतं, हे अनेकांना माहीत नसतं. प्रॉडक्शनसाठी लिहिलेला हेल्म चार्ट, म्हणजे मांडणीचा तयार आराखडा, जसाच्या तसा लॅपटॉपवर लावला की पॉड 'पेंडिंग'मध्ये अडकतो आणि कारण म्हणून अपुरी मेमरी दाखवतो, तेव्हा प्रत्यक्षात निम्मी मेमरी रिकामी असू शकते. शेड्यूलर वापर पाहत नाही, मागणी पाहतो.

आणि मागणी माणसं नेहमी फुगवून करतात. गुगलचे आकडे याला साक्षी आहेत. २०२०मध्ये गुगलने आपल्या ऑटोपायलट यंत्रणेवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात हाताने मर्यादा ठरवलेल्या कामांमध्ये मागितलेल्यापैकी ४६ टक्के साधनं पडून राहतात, यंत्रणेने ठरवल्यास २३ टक्के, असा हिशेब आहे. जगातल्या सर्वांत अनुभवी अभियंत्यांचा अंदाज जर निम्म्याने चुकतो, तर आपण मनाने टाकलेला 'एक जीबी' बरोबर असेल असं धरण्यात अर्थ नाही. मोजावं लागतं. मेट्रिक्स सर्व्हर लावून 'क्युबसीटीएल टॉप' ही आज्ञा दिली की प्रत्येक पॉडचा वापर दिसतो. सर्व्हिस दिवसभर वापरून, तिच्यावर चार-दोन जड विनंत्या मारून सर्वांत वरचा आकडा पाहावा आणि त्यावर थोडी मोकळीक ठेवून लिमिट लावावं.

आकडा लिहिताना एककाकडे फार बारकाईने पाहावं. कुबरनेटिसमध्ये मोठा एम म्हणजे दहा लाख बाइट; एम-आय लिहिलं तर १०,४८,५७६ बाइट. फरक पाच टक्क्यांचा, फारसा घातक नाही. पण घाईत छोटा एम लिहिला गेला तर अर्थ हजारावा भाग असा होतो, आणि ४०० छोटे एम म्हणजे ०.४ बाइट. कुबरनेटिसच्या दस्तऐवजांत याची खास सूचना दिलेली आहे.

पुण्यात जावाचं काम भरपूर, म्हणून जावाची गोष्ट जरा जवळून. जावाची जेव्हीएम काही सांगितलं नाही तर दिसणाऱ्या मेमरीच्या चौथ्या हिश्श्याइतका हीप, म्हणजे प्रोग्रॅमचा डेटा ठेवायची जागा, वाढवू शकते. जुन्या जावाला कंटेनरची मर्यादा दिसतच नसे. १६ जीबीच्या यंत्रावर ती चार जीबीची स्वप्नं पाही आणि एक जीबीच्या कंटेनरमध्ये मारली जाई. मार्च २०१८च्या जावा १०मध्ये हे सुधारलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जावा ८च्या १९१व्या अपडेटमध्येही ती सुधारणा आली. मात्र त्यातून उलटा प्रश्न निघाला: आता एक जीबीच्या पॉडमध्ये हीप फक्त २५६ एमबीचा होतो आणि उरलेली जागा बरीचशी तशीच राहते. मॅक्स-रॅम-पर्सेंटेज हा पर्याय ६० ते ७५च्या दरम्यान ठेवला की प्रश्न सुटतो. शंभर ठेवू नये, कारण हीपबाहेर थ्रेड, क्लासची माहिती, नेटवर्कचे बफर यांनाही जागा लागते.

इथे दोन प्रकारची मरणं ओळखता यायला हवीत. हीप भरला तर जावा स्वतः 'आउट-ऑफ-मेमरी-एरर' फेकते आणि लॉगमध्ये कुठल्या ओळीवर अडलं ते छापते. पॉडची मर्यादा ओलांडली तर मात्र कर्नल मारतं, आणि लॉग मध्येच तुटतो. निरोपाची एक ओळसुद्धा नसते. अशा वेळी पॉडचं वर्णन मागवलं की मागच्या स्थितीत 'ओओएम-किल्ड' आणि एक्झिट कोड १३७ दिसतो. १२८ अधिक ९, म्हणजे ज्याला नकार देता येत नाही तो सिग्नल. पहिल्या मरणात हीपची टक्केवारी पाहायची किंवा कोडमधली गळती शोधायची, दुसऱ्यात पॉडचं लिमिट आणि हीपबाहेरचा वापर. दोन्हींना एकच औषध, म्हणजे 'मेमरी वाढवा', देत राहिलं की लॅपटॉप संपतो.

बाकी मंडळींच्याही सवयी असतात. काफ्काची सुरुवातीची स्क्रिप्ट काही न विचारता एक जीबी हीप घेते. घरच्या चाचणीला २५६ एमबी सहज पुरतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस मुळातच १२८ एमबीच्या बफरवर चालतात, त्यांना छळू नये. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर लिनक्स कंटेनरमध्ये किमान दोन जीबी मागतो आणि त्यापेक्षा कमीत सुरूच होत नाही. गोमध्ये लिहिलेल्या सर्व्हिसना २०२२च्या १.१९ आवृत्तीपासून मेमरीचं मऊ लक्ष्य देता येतं, ते द्यावं.

आता हे सगळं एका यंत्रावर मांडून पाहू. १६ जीबीचा विंडोज लॅपटॉप, एका मध्यम प्रकल्पाच्या तीन जावा सर्व्हिस, पोस्टग्रेस, काफ्का, रेडिस आणि एक नोडजेएसचा फ्रंटएंड. कुबरनेटिसच्या स्वतःच्या भागांना सगळे मिळून एक जीबीच्या आत-बाहेर धरा. सर्व्हिसना प्रत्येकी ५१२ एमबी, मिळून दीड जीबी. हीप कापलेल्या काफ्काला अर्धा जीबी, पोस्टग्रेसला पाव, रेडिसला किरकोळ, फ्रंटएंडला अर्धा. बेरीज चार जीबीच्या खाली राहते. पण इथेच थांबणारा फसतो. मेव्हन किंवा एनपीएमचा बिल्ड त्याच आभासी यंत्रात चालणार असतो आणि तो दहा मिनिटांसाठी एक-दीड जीबी खातो. शिवाय फायलींच्या साठ्याला थोडी जागा मिळाली नाही तर डिस्क घुसळत बसते. म्हणून डब्ल्यूएसएलला सहा जीबी. उरलेल्या दहांत विंडोज, अँटिव्हायरस, आयडीई, टीम्स आणि ब्राउझर ठीक बसतात. काहीच न सांगता विंडोजने आठ दिले असते. हे दोन जीबी आयडीईच्या बाजूला ठेवण्याचा फरक बोटांना जाणवतो.

आठ जीबीवर हे चित्र बसत नाही, आणि बसवायचा हट्टही करू नये. के-थ्री-डीचा एक नोड, त्याच्यासोबत येणारा 'ट्रॅफिक' नावाचा प्रॉक्सी बंद, ज्या सर्व्हिसचा कोड बदलायचा आहे ती एकच क्लस्टरमध्ये, तिचा डेटाबेस, आणि बाकीच्या सर्व्हिसच्या जागी ठरलेली उत्तरं देणारे नकली प्रोग्रॅम. डब्ल्यूएसएलला तीन जीबी पुरतात. गावाकडे राहून शिकणाऱ्या मुलांकडे बहुधा हाच लॅपटॉप असतो. त्यांना 'आधी १६ जीबी घ्या, मग कुबरनेटिस शिका' असं सांगणं चुकीचं आहे.

डिस्कवरच्या स्वॅपचा आधार घ्यावा का, हा नेहमीचा पुढचा प्रश्न. कुबरनेटिस वर्षानुवर्षं स्वॅप चालू असलेल्या नोडवर सुरू व्हायलाच नकार देत आलं. २०२१च्या १.२२ आवृत्तीत प्रायोगिक पाठिंबा आला आणि तेव्हापासून तो हळूहळू पक्का होत गेला. लॅपटॉपवर थोडा स्वॅप असावा, म्हणजे क्षणभराची उसळी कुणाचा जीव घेत नाही. पण रोजचं काम स्वॅपवर चालत असेल तर वाटणीच चुकली आहे.

मग क्लस्टर लॅपटॉपवर हवाच कशाला, कंपनीच्या सर्व्हरवर एक सामाईक ठेवा, असंही म्हटलं जातं. टेलिप्रेझेन्ससारख्या साधनाने दूरच्या क्लस्टरमधली एकच सर्व्हिस आपल्या यंत्रावर वळवून घेता येते आणि लॅपटॉपची मेमरी वाचते. हिंजवडीच्या कार्यालयात बसणाऱ्यासाठी हा उत्तम मार्ग आहे. पण दूरचा क्लस्टर म्हणजे अखंड नेटवर्क. मुळशीच्या पावसात डोंगराआडच्या खोऱ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही दगा देतात, आणि बॅटरीवर चालणारा लॅपटॉप तेवढा हाती राहतो. अशा वेळी ज्याचा क्लस्टर स्वतःच्या यंत्रावर आहे त्याचंच काम पुढे सरकतं. म्हणून रिहे खोऱ्यातून काम करणाऱ्याला लॅपटॉपमध्ये जास्त रॅम देणं ही चैन धरता येत नाही.

ती रॅम आता स्वस्तही राहिलेली नाही. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीचा पुरवठा ओढून घेतला आणि २०२५च्या अखेरीस भाव चढले. डिसेंबरात मायक्रॉनने क्रूशियल या नावाने ग्राहकांना रॅम विकण्याचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डाखलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ॲपलने ऑक्टोबर २०२४मध्ये मॅकबुकची किमान मेमरी आठवरून १६ जीबी केली ते उगीच नव्हे. ज्यात रॅमची खाच मोकळी आहे असा जाड लॅपटॉप डेव्हलपरला अजूनही जास्त उपयोगी पडतो.

लायसन्सच्या बाबतीत कंपन्या जागरूक असतात. डॉकरने ऑगस्ट २०२१मध्ये २५०हून जास्त कर्मचारी किंवा एक कोटी डॉलरहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना डॉकर डेस्कटॉप सशुल्क केला, तेव्हा अनेकांनी रँचर डेस्कटॉप आणि पॉडमन यांच्याकडे मोर्चा वळवला. तेवढीच तत्परता मेमरीबाबत दिसत नाही. जावा आणि काफ्कावर काम करणाऱ्याला आठ जीबीचा लॅपटॉप देऊन त्याच्याकडून पूर्ण प्रकल्पाची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. १६ किमान, ओपनशिफ्ट किंवा एसक्यूएल सर्व्हर असेल तर ३२. आणि प्रत्येक प्रकल्पाच्या रिपॉझिटरीत लॅपटॉपसाठी हेल्मची वेगळी व्हॅल्यूज फाइल असावी: मोजून ठरवलेली लिमिट, एक-एकच प्रतिकृती, काफ्काचा कापलेला हीप, आणि डब्ल्यूएसएलला किती द्यायचे तो आकडा. ती फाइल टीम लीडने एकदा बसून लिहावी आणि नवी सर्व्हिस जोडली गेली की पुन्हा मोजून दुरुस्त करावी. नव्या माणसाला पहिल्या दिवशी लॅपटॉपसोबत तीच फाइल हातात पडावी.